गाण्याला गोष्ट कशाला?

गेल्या पावसाळ्यांत एका महाविद्यालयाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग आमच्यावर आला. स्पर्धा वक्तृत्वाची किंवा निबंधाची नव्हती. विद्यार्थ्यांनीं स्वतः रचलेल्या किंवा निवडलेल्या गाण्यावर स्वतःच चित्रित केलेल्या लहान लहान चित्रफितींची, म्हणजे ज्यांना आज घरोघरीं ‘म्यूझिक व्हिडिओ’ म्हणतात त्यांची, होती. आंत शिरतांच आमच्या हातांत एक छापील तक्ता देण्यांत आला. त्यांत रकाने होते ते असे: कथाबीज, पात्रें, संघर्ष, उत्कर्षबिंदु, संदेश, आणि सर्वांत शेवटीं, उरलेल्या जागेंत, ‘तांत्रिक बाजू’. चौकशी करतां कळलें कीं, हाच तक्ता तीन महिने आधीं विद्यार्थ्यांच्याहि हातीं पडला होता, आणि तो भरून आपला ‘कॉन्सेप्ट’ मंजूर करून घेतल्यावांचून कोणालाहि कॅमेरा उचलण्याची मुभा नव्हती. तक्ता आम्ही दोनदां वाचला. गाण्याच्या स्पर्धेच्या त्या तक्त्यांत ‘गाणें’ हा शब्द कोठेंहि नव्हता.

आमचें भांडण या तक्त्याशीं आहे, मुलांशीं नाहीं. मुलें बिचारीं शिकविलें तसें करतात. त्या दिवशीं सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही जें पाहिलें त्याचें सविस्तर वर्णन करण्याची गरज नाहीं. वाचकांच्या घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें तें त्यांनाहि केव्हां तरी दाखविलें असेलच. तो आणि ती महाविद्यालयाच्या फाटकाशीं भेटतात, पुस्तकें खालीं पडतात, पाऊस येतो, मोटारसायकल येते, मग गैरसमज, मग रुग्णालय, आणि शेवटीं भिंतीवर हार घातलेली तसबीर. पात्रें धांवत नाहींत, तरंगतात. कारण धांवणें मंद गतीनें दाखविलें कीं त्याचें काव्य होतें अशी एक समजूत सध्यां रूढ आहे. एका चित्रफितीच्या वेळीं सभागृहांतील ध्वनियंत्रणा अचानक बंद पडली. मुलें घाबरलीं, तंत्रज्ञ धांवला. पण तो पोहोंचेपर्यंत पडद्यावर चित्र चालूच राहिलें. तेव्हां आमच्या शेजारचे परीक्षक समाधानानें म्हणाले, “असूं द्या, समजतें आहे सगळें!” त्यांनीं तें कौतुकानें म्हटलें. आमच्या मतें त्या चित्रफितीवर याहून कठोर अभिप्राय कोणालाहि देतां आला नसता. जें चित्र गाण्यावांचून पुरतें समजतें, त्यांत गाणें होतें कोठें?

‘कॉन्सेप्ट’ म्हणजे गोष्ट, ही जी व्याख्या आमच्या शिक्षणसंस्थांतून चालू आहे, ती मुळांतच चुकीची आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. गोष्टीचा स्वभाव पुढें जाण्याचा, गाण्याचा स्वभाव परत येण्याचा. गोष्टींत एकदां मेलेला मनुष्य पुन्हां मरत नाहीं. गाण्यांत ध्रुवपद पुन्हां पुन्हां येतें, आणि तें आलें नाहीं तर ऐकणारा अस्वस्थ होतो. तबलजी समेवर येतो तेव्हां मैफलींतील अजाण श्रोत्याचीहि मान हलते, ती ‘पुढें काय झालें’ हें कळल्यामुळें नव्हे, तर जें येणार हें ठाऊक होतें तेंच नेमक्या क्षणीं हातीं आलें म्हणून. आतां साडेतीन मिनिटांचें एक गाणें घ्या. त्याचे होतात २१० सेकंद. ध्रुवपद चार वेळां आलें आणि प्रत्येक वेळीं त्यानें २५ सेकंद घेतले, तर १०० सेकंद तेथेंच गेले. आरंभींचें आणि मधलें वाद्यवादन २० सेकंदांचें धरलें, तर अंतऱ्यांच्या वाट्याला ९० सेकंद उरतात. या ९० सेकंदांत प्रेम, विरह, अपघात आणि पश्चात्ताप! बरें, ध्रुवपद आलें कीं त्या गोष्टीनें करावें काय? तिला तर परत फिरतां येत नाहीं. म्हणून मुलें तेथें ‘आठवणी’ घालतात. म्हणजे आधीं दाखविलेलींच दृश्यें थोडीं धूसर करून पुन्हां दाखवितात. याला मुलांचें अपयश म्हणणें हा अन्याय आहे. गोष्टीच्या चालीनें गाणें चालवूं पाहणाऱ्या कोणाचीहि हीच गत होईल.

आमच्या कीर्तनकारांना हा भेद पुरता ठाऊक होता. नारदीय कीर्तनांत पूर्वरंगांत अभंगाचें निरूपण होतें आणि उत्तररंगांत आख्यान लागतें. आख्यानाला तास-तासभर मिळतो, कारण गोष्टीला तेवढा वेळ लागतोच; आणि मध्येंच बुवा पद गाऊं लागले कीं गोष्ट थांबते. द्रौपदी सभेंत उभी असते ती तशीच उभी राहते. झांज वाजते, पद दोन-तीनदां फिरतें, आणि मग कथा जेथें सोडली होती तेथून पुढें सुरू होते. शेवटीं बुवा पुन्हां मूळ अभंगावर येतात. गोष्टीनें आणि गाण्यानें एकमेकांची जागा कशी राखावी, हें देवळाच्या ओसरीवर बसून ऐकणाऱ्या निरक्षर म्हाताऱ्याला कळत होतें. तें माध्यमशास्त्राच्या पदवीधर अध्यापकांना कळूं नये, याला काय म्हणावें?

येथें कोणी ‘थ्रिलर’चें उदाहरण पुढें करील, आणि त्या दिवशीं तें करण्यांत आलेंहि. मायकेल जॅक्सनच्या त्या गाण्यावर जॉन लँडिस या दिग्दर्शकानें १९८३ सालीं केलेली चित्रफीत म्हणजे सरळसरळ एक भयकथा आहे. मग तिला जग कां मानतें? मानतें, आणि मानावेंच. पण ती जवळ जवळ १४ मिनिटांची आहे आणि मूळ गाणें सहा मिनिटांच्या आंतलें आहे, हें सांगावयास हे वादी विसरतात. गोष्ट सांगावयाची म्हणून त्या मंडळींनीं गाणें उलगडून पुन्हां शिवलें. कडवीं एकापाठोपाठ एक आणलीं, ध्रुवपद मागें नेलें, मध्यें संवाद घातले. नांवाजलेला चित्रपट-दिग्दर्शक आणि कसबी रंगभूषाकार बोलावले. कित्येक लाख डॉलर ओतले. आणि इतकें करून लोकांच्या ध्यानांत राहिलें काय? ती घाबरलेली मुलगी नव्हे, तें श्वापद नव्हे, तें पडकें घरहि नव्हे. रात्रीं रस्त्यावर प्रेतांनीं रांगा धरून केलेला तो नाच! म्हणजे नेमका तोच भाग, जेथें गोष्ट थांबलेली आहे.

मग संकल्पना म्हणजे काय, असा प्रश्न उरतो. आमच्या मतें संकल्पना म्हणजे नियम. चित्र गाण्याशीं कोणत्या नात्यानें बांधावयाचें, हें एका वाक्यांत सांगणारा आणि गाणें संपेपर्यंत न मोडणारा नियम. हें बोलणें रुक्ष वाटेल. म्हणून उदाहरणें देतों.

१९६५ सालीं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलामागील एका गल्लींत बॉब डिलन हा गायक हातांत पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभा राहिला, आणि पेनेबेकर या माहितीपटकारानें त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला. गाण्यांतील निवडक शब्द त्या पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. शब्द कानावर आला कीं पुठ्ठा टाकावयाचा, दुसरा दाखवावयाचा, संपलें. कोठें कोठें शब्द मुद्दाम चुकीचा लिहिला आहे, त्यामुळें डोळा आणि कान यांत गंमतीची तेढ पडते. मागें एका बाजूस ॲलन गिन्सबर्ग हा कवि उभा आहे. तो या नाटकांत कोण, हें कोणी सांगत नाहीं आणि विचारीतहि नाहीं. गायक गात नाहीं, ओठसुद्धां हलवीत नाहीं. पुठ्ठे आणि शाई एवढाच खर्च. १९६७ सालीं प्रदर्शित झालेल्या एका माहितीपटाचा हा आरंभ होता. पुढें जगभर जीं गीतचित्रें झालीं त्यांच्या पूर्वजांत तो गणला जातो. यांत पात्र आहे, पण संघर्ष नाहीं. उत्कर्षबिंदु तर मुळींच नाहीं. आमच्या तक्त्याप्रमाणें गुण: शून्य.

दुसरें उदाहरण फ्रान्सच्या मिशेल गोंद्री याचें, आणि त्याविषयीं थोडें सावकाश लिहिण्याचा मोह आम्हांला आवरत नाहीं. २००२ सालीं त्यानें ‘केमिकल ब्रदर्स’ या जोडीच्या ‘स्टार गिटार’ या वादनावर चित्रफीत केली. तींत धांवत्या आगगाडीच्या खिडकींतून दिसणारा देखावा आहे. दुसरें कांहीं नाहीं. खांब, पूल, गोदामें, मालडबे, शेतें. पहिलें अर्धें मिनिट पाहणाऱ्याला वाटतें कीं कोणी तरी प्रवासांत सहज टिपलेलें हें दृश्य आहे. मग हळूहळू ध्यानांत येतें कीं, ठोका पडला कीं खांब येतो. दुसरें वाद्य मिसळलें कीं इमारतींची दुसरी रांग सुरू होते. वाद्य थांबलें कीं ती रांगहि थांबते. ज्यानें कर्जत ओलांडतांना खिडकीशीं बसून रूळांच्या ठेक्यावर खांब मोजले आहेत, त्याला हा आनंद नवीन नाहीं. नवीन आहे तो त्यामागचा हिशेब. गोंद्रीनें तें संगीत आधीं आलेखाच्या कागदावर मांडलें. कोणत्या मात्रेवर काय यावयाचें हें ठरविलें. आणि मग संत्रीं, कांटे, पुस्तकें, पेले, बूट अशा घरांतल्या वस्तु ओळीनें मांडून ती रचना डोळ्यांनीं तपासून पाहिली. मूळ चित्रण त्यानें सुट्टींत फ्रान्समध्यें गाडींतून केलें होतें, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांचा उजेड मिळावा म्हणून तोच प्रवास पुन्हां पुन्हां केला होता. संगणकाची कसबी करामत अर्थातच नंतर आली. ती आमच्या मुलांना परवडणार नाहीं, हें खरें. पण संत्रीं आणि बूट परवडणार नाहींत असें नाहीं.

त्याच वर्षीं त्याच गृहस्थानें कायली मिनोग या गायिकेच्या एका गाण्यावर दुसरी चित्रफीत केली. गायिका एका चौकाला चालत वळसा घालते. फेरी पुरी झाली कीं गाणें पुन्हां आरंभाशीं येतें, तशी तीहि मूळ जागीं येते. पण पहिल्या फेरींतली गायिका तेथें आहेच! आतां दोन गायिका. तिसऱ्या फेरींत तीन. आणि रस्त्यावरचीं माणसेंहि, प्रत्येक आवर्तनाला एकेक नवी प्रत, शेवटीं सारा चौक गजबजून जातो. ज्या क्षणीं आमच्या मुलांची गोष्ट अडखळते, तोच ध्रुवपदाचा क्षण या चित्रफितीचा प्राण आहे. गाणें परत येतें, म्हणून चित्रहि परत येतें. परंतु येतांना मागची फेरी बरोबर घेऊन येतें. आवर्तन म्हणजे काय हें ज्या देशांतलीं मुलें ऐकतच वाढतात, त्या देशांत ही कल्पना एका फ्रेंच माणसाला सुचेपर्यंत आम्ही वाट पाहावी, याचा आम्हांला थोडा हेवा वाटतो, हें कबूल करतों.

कोणी म्हणेल, हीं सारीं परदेशांतील धनवान् मंडळींचीं उदाहरणें. तर घरचें घ्या. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांच्यापाशीं चित्रपट काढण्याची विद्या होती, पण त्यासाठीं लागणारें भांडवल नव्हतें. आणि ‘राजा हरिश्चंद्र’ अजून एक वर्ष दूर होता. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनीं काय केलें? पौराणिक कथेचा एखादा तुकडा घाईनें रंगविला काय? नाहीं. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोंवला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडेंथोडें चित्रण करून अंकुराचा वेल कसा होतो तें दाखविलें. एक कुंडी, एक बीं, एक नियम. आणि तो नियम रोज पाळण्याची चिकाटी. विद्यार्थ्याची संकल्पना कशी असावी याचा याहून चांगला धडा आम्हांला ठाऊक नाहीं, आणि तो आमच्याच मातींतला आहे. पुढें ‘प्रभात’नें १९३७ सालीं ‘कुंकूं’ काढला, तेव्हां शांतारामबापूंनीं पार्श्वसंगीत अजिबात वापरावयाचें नाहीं, प्रसंगांत जे आवाज स्वाभाविकपणें असतील तेवढेच ठेवावयाचे, असें बंधन स्वतःवर घालून घेतलें. अमुक करणार नाहीं, हीहि एक संकल्पनाच होय, आणि बहुधा ती सर्वांत स्वस्त पडते. नॉर्मन मॅकलॅरन हा ग्लासगोच्या कलाशाळेंत शिकत असतांना त्याला कॅमेरा सहज मिळत नव्हता, म्हणून त्यानें फिल्मच्या पट्टीवरच ओरखडे काढून आणि रंग लावून चित्रें केलीं. पुढें १९४९ सालीं कॅनडांत एव्हलिन लँबार्ट या सहकारिणीसह त्यानें ऑस्कर पीटरसनच्या पियानोवर जी रंगांची धमाल केली, तिचें मूळ त्या दारिद्र्यांत आहे.

गोष्टीचा आग्रह धरणाऱ्यांच्या उलट टोकाला एक दुसरा पंथ आहे, आणि त्याच्याशींहि आमचें पटत नाहीं. तो म्हणतो, योजना कसली करतां? कॅमेरा घ्या, भटका, जें सुचेल तें टिपा. कला म्हणजे उत्स्फूर्तता. तरुणांना हा उपदेश गोड लागतो, कारण त्यांत वही लागत नाहीं. परिणाम काय होतो तेंहि आम्ही पाहिलें: सूर्यास्त, समुद्र, पक्ष्यांचा थवा, कोणाचा तरी पाठमोरा केशकलाप. पहिल्या प्रथम जी कल्पना सुचते ती आपली नसतेच. आपण आजवर पाहिलेल्या शेंकडों चित्रफितींची ती असते, आणि आपल्या मनांत नुसती उतरून बसलेली असते. तिला बाहेर काढावयाचें तर गाणें पुष्कळदां, आणि डोळे मिटून, ऐकावें लागतें. मिनिटाला १२० ठोके अशी लय धरली, तर साडेतीन मिनिटांत ४२० ठोके होतात. म्हणजे तीनतालाचीं सव्वीस आवर्तनें पुरीं होऊन वर चार मात्रा. एका वहीच्या पानावर सव्वीस ओळी सहज मावतात. त्या ओळी आंखून कोठें शब्द, कोठें रिकामी जागा, कोठें आवाज चढतो, कोठें तबला गप्प बसतो, एवढें जरी मुलांनीं मांडलें, तरी चित्रांचा निम्मा प्रश्न सुटतो. कारण गाणें स्वतःच सांगूं लागतें कीं, मला येथें कांहीं नको. ‘ओके गो’ या चार तरुणांच्या मेळ्यानें २००६ सालीं व्यायामशाळेंतील आठ चालत्या पट्ट्यांवर जो नाच केला, तो एका दमांत, न तोडतां घेतलेला आहे आणि पाहतांना अगदीं सहज सुचल्यासारखा वाटतो. तो सहजपणा किती तालमींचा आहे आणि किती प्रयत्न फुकट गेल्यावर हातीं लागला आहे, हें उत्स्फूर्ततेच्या कैवाऱ्यांनीं एकदां विचारून पाहावें.

निवड करतांना आम्ही तरुणांना एकच कसोटी सुचवूं. तुमची कल्पना मनांत धरा, आणि खालचें गाणें काढून तिथें दुसरें कोणतेंहि त्याच लांबीचें गाणें ठेवा. चित्राचें कांहीं बिघडत नसेल, तर ती कल्पना सोडून द्या, कितीहि गोड वाटली तरी सोडून द्या. डिलनच्या पुठ्ठ्यांखालीं दुसरें गाणें ठेवून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतों तें कळेल. त्या कसोटीला उतरलेल्या दोन-तीन कल्पना उरल्या, तर जी चालत जाण्याच्या अंतरांत पुरी होते ती घ्यावी. दूरच्या किल्ल्यावर जाण्याला आमचा विरोध नाहीं, पण तेथें एकदांच जातां येतें. आणि ज्या ठिकाणीं एकदांच जातां येतें तेथें चूक सुधारतां येत नाहीं. रुळांवर उभें राहून चित्रण करणाऱ्या मुलांविषयीं तर काय बोलावें! १९८९ च्या रेल्वे कायद्यानें तो गुन्हा आहे, हें तर खरेंच. पण गाडीच्या आवाजाकडे लक्ष नसणें हा त्या गाण्याचाच ठेका कानांत चालूं असल्याचा परिणाम असतो, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां त्या तक्त्यांतील शेवटच्या रकान्याकडे वळूं. ‘संदेश’! या एका शब्दानें आमच्या विद्यार्थ्यांचें जेवढें नुकसान केलें आहे तेवढें दारिद्र्यानेंहि केलें नसेल. गाण्याला गोष्ट असली पाहिजे एवढ्यावर आमच्या शाळामास्तरी वृत्तीचें समाधान होत नाहीं; त्या गोष्टीनें समाजाला कांहीं तरी शिकविलेंहि पाहिजे. म्हणून मग प्रेमभंगाच्या गाण्यांत वृक्षारोपण येतें, आणि गिटारच्या तुकड्यावर शेतकऱ्याची आत्महत्या येते. त्या दिवशींच्या एका चित्रफितींत आठवड्याच्या बाजारांत भाजी घेऊन बसलेली एक म्हातारी होती. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो, अगदीं जवळ जातो. तिच्या सुरकुत्या, पाणावलेले डोळे, हातांतले चिल्लर पैसे. खालीं गाणें चालूं होतें तें एका मुलाला एका मुलीनें फोनवर उत्तर न दिल्याबद्दलचें. मुलांनीं तक्त्यांत लिहिलें होतें: ‘संदेश – ग्रामीण दुःखाची जाणीव’. आम्ही त्यांना विचारलें, या बाईंचें नांव काय? कोणालाच ठाऊक नव्हतें. हें चित्र कशासाठीं घेतां आहां हें त्यांना सांगितलें होतें काय? त्यावर एक मुलगा प्रामाणिकपणें म्हणाला, “विचारलं असतं तर त्या नीट बसल्या असत्या, आणि मग ते नॅचरल आलं नसतं.” आम्हांला त्या मुलाचा राग आला नाहीं. त्याच्याजवळ डोळा होता. तें चित्र खरोखरच चांगलें घेतलेलें होतें. परंतु तक्त्यांतील एक रकाना भरण्यासाठीं एका अनोळखी बाईचे अश्रु उचलून आणावयाचे आणि ते आपल्या लहानशा रुसव्याच्या तळाशीं अंथरावयाचे, यांत कांहीं गैर आहे, हें त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें. उलट त्याला त्याबद्दल दहांपैकीं नऊ गुण मिळाले.

आणि त्याच दिवशीं, जेवणाच्या सुट्टीच्या आधीं, सर्वांना भूक लागलेली असतांना, एक चित्रफीत दाखविण्यांत आली. ती तीन मुलींनीं केलेली होती. गाणें त्यांच्यापैकींच एकीनें बांधलेलें, रूपकांतलें, साधें. कॅमेरा म्हणजे एकीचा मोबाइल, वसतिगृहाच्या जिन्याच्या खिडकींत पुस्तकांचा आधार देऊन ठेवलेला. तो शेवटपर्यंत हलत नाहीं. खालीं अंगणांत नळ दिसतो. ध्रुवपद येतें तेव्हां कोणी तरी मुलगी येऊन रांगेंत बादली ठेवते आणि जाते. पुढच्या ध्रुवपदाला दुसरी, मग तिसरी. रूपकाची सम खालीची असते हें वाचकांना ठाऊक आहेच. बादली टेकते ती बरोब्बर त्या समेवर, आणि ती रिकामी असते. हें मुलींनीं जाणून केलें होतें कीं कसें, हें आम्ही मागाहून विचारलें. त्या हंसल्या आणि म्हणाल्या कीं, त्यासाठीं चार दिवस पहाटे उठावें लागलें. अंतऱ्यांत बादल्यांपाशीं कोणीच नसतें. फक्त सकाळचा उजेड भिंतीवरून हळूहळू उतरतो. शेवटच्या ध्रुवपदाला रांग अंगणाच्या दारापर्यंत गेलेली असते. नळाला पाणी येतें कीं नाहीं, हें दिसत नाहीं, गाणें संपतें. सभागृहांत कोणी तरी म्हणालें, “अरे, एवढंच?” पण मागच्या बांकांवरच्या वसतिगृहाच्या मुलींनीं अशा कांहीं टाळ्या वाजविल्या कीं त्या दिवशीं तशा दुसऱ्या कोणालाच मिळाल्या नाहींत.

तक्ते भरण्याची वेळ आली तेव्हां आमचा आणि इतर दोघां परीक्षकांचा वाद झाला. त्यांचें म्हणणें, तंत्र ठीक आहे, पण यांत कॉन्सेप्टच नाहीं. कथाबीज नाहीं, संघर्ष नाहीं, पात्रें तर येऊन नुसतीं बादल्या ठेवून जातात. पाणीटंचाईचा संदेश म्हणावा, तर तोहि धड दिलेला नाहीं. शेवटीं एखादें वाक्य तरी अक्षरांत दाखवावयास हवें होतें. आम्ही म्हणालों, या चित्रफितीखालीं दुसरें गाणें ठेवून पाहा. ते म्हणाले, तसा रकाना नाहीं. तेव्हां आम्हीं चार रकाने मोकळे सोडले; त्यांनीं त्यांत शून्यें घातलीं; आणि बेरीज त्यांची झाली. निकाल लागला. पहिलें पारितोषिक हार घातलेल्या तसबिरीला गेलें.

संध्याकाळीं फाटकाशीं त्या तिघी भेटल्या. गाणें बांधणारी मुलगी रागावली नव्हती. तिनें वहींतून तो तक्ता काढला, त्यावरच्या चार शून्यांकडे एकदां पाहिलें आणि व्यवस्थित घडी घालून पुन्हां वहींत ठेवला. “पुढच्या वर्षीं गोष्ट घालूं, सर,” ती म्हणाली, “आतां कळलं काय हवं असतं ते.”